छपरावरचं काळं पिंप

सोमवारी सकाळी ओस्वाल्दो नगरपालिकेतून आला तो दार आपटूनच. टोपी खुंटीला लावायची सोडून खुर्चीवर फेकली, ती घरंगळून जमिनीवर पडली, आणि ती उचलायलाही तो वाकला नाही.

"शुक्रवारच्या आत गोर्दा विकायची," तो म्हणाला.

मी बटाटे सोलत होते. "कुठली गोर्दा?" मी विचारलं. जशा काही आमच्याकडे चार होत्या.

गोर्दा म्हणजे आमचं मोटारहोम. नावाचा अर्थ जाडी, आणि ती आहेच जाडी. कधीकाळी ती एका बेकरीची पावगाडी होती. अठरा वर्षांपूर्वी रेल्वेच्या वर्कशॉपमधून सुटला तेव्हा ओस्वाल्दोनं ती भंगारातून उचलली आणि अंगणात ठोकठोक करून तिच्यात पलंग, चूल, टेबल, कपाटं असं सगळं स्वतःच्या हातानं बसवलं. तिच्यातून आम्ही दक्षिणेला पार बर्फापर्यंत गेलो, उत्तरेला मिठागरांपर्यंत गेलो. भांडलोही सगळ्यात जास्त तिच्यातच, कारण रागावून निघून जायला तिच्यात दुसरी खोली नव्हती.

"माझा परवाना शुक्रवारी संपतोय," तो म्हणाला. "नवा देत नाहीत."

गाडी चालवायचा परवाना आमच्याकडे वाढदिवसाला संपतो. सत्तरी ओलांडली की दरवर्षी नवा काढायचा, दरवर्षी डोळे तपासून घ्यायचे. शुक्रवारी ओस्वाल्दोला चौऱ्याहत्तर पुरी होणार होती.

"का देत नाहीत?"

"तिथली पोरगी म्हणते, भिंतीवरची अक्षरं वाचा. आधी भिंत बघा म्हणावं तुमची, दहा वर्षांत रंग नाही लागलाय. वाचली मी. दोन-चार इकडची तिकडे झाली असतील. मग आतून डॉक्टर आला, डोळ्यांत बॅटरी मारली आणि हातात कागद दिला."

"बघू कागद."

"काय बघायचंय त्यात? नंबर वाढलाय, बाकी काही नाही." आणि त्यानं शर्टाच्या खिशावर हात ठेवला.

एकोणपन्नास वर्षांच्या संसारात मला एवढं कळलंय की त्याचा हात खिशावर गेला की भांडण उद्यावर ढकलायचं. मी पुन्हा बटाट्यांकडे वळले.

"आणि ऐक, मिर्ता," तो म्हणाला. "घेणारा कुणीही असू दे, त्याच्या दारापर्यंत गोर्दा मी चालवत नेणार. मी स्वतः. परवाना खिशात असताना. दुसऱ्या गाडीला दोर बांधून मेलेल्या गाईसारखी ओढत नेलेली मला चालणार नाही. आणि दुसरं कुणी माझ्या अंगणातून चालवत नेलेलीही चालणार नाही. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मी ड्रायव्हर आहे, कळलं?"

मला चांगलंच कळलं. या माणसानं आयुष्यात स्वतःसाठी फार काही मागितलेलं नाही. एकदा मागितलं, तेही एवढंच. मनात म्हटलं, मिळालंच पाहिजे त्याला हे. आणि त्याच क्षणी भीतीही वाटली.

कारण गोर्दात मी त्याच्या शेजारी बसते ती नुसती बसत नाही. मांडीवर थर्मास घेऊन येर्बाच्या कडू चहाचा पेला भरते, त्याच्या हातात देते, आणि तोंडानं अखंड बडबड करते. पुढे ट्रक आहे. सिग्नल लाल झालाय. सायकलवाला बघ. हळू घे, म्हाताऱ्या. आमची मुलगी करीना हसते, "आई, बाबांना जरा गाडी चालवू दे की!" आधी ओस्वाल्दो माझ्यावर खेकसायचा. गेल्या वर्षभरात मात्र एकदाही खेकसला नव्हता. याचा अर्थ काय, हे मला कळायला हवं होतं. कदाचित कळलंही होतं, आणि मी गप्प बसले.

तर, सोमवारी दुपारी धावपळ सुरू झाली. आमच्याकडे गाडी विकायची असली की छपरावर पाण्याचा रिकामा कॅन ठेवतात. पाटी नको, काही नको. कॅन दिसला की येणारा-जाणारा थांबतो आणि किंमत विचारतो. गोर्दाला फाटकाबाहेर रस्त्याला तोंड करून लावलं, ओस्वाल्दोनं हिरवा कॅन काखेत मारला आणि शिडी चढला. मी खाली शिडी धरून.

"हळू! पाय बघ!"

"पायच बघतोय. तू शिडी बघ."

छपरावर मागच्या बाजूला पहिल्यापासून एक मोठं काळं पिंप आहे. दिवसभर उन्हात पाणी तापतं, संध्याकाळी त्यातूनच अंघोळ. चढलोच आहे तर ते पुसून टाकतो म्हणून त्यानं वरून फडकं मागितलं. चांगली दहा मिनिटं घासत बसला, पिंपाला नाक लावून.

"बघ कसं चकचकीत केलंय!" वरून ओरडला. "काळं कुळकुळीत. एक डाग नाही यावर!"

मी खालून "हो हो, छान" म्हटलं. मला खालून फक्त त्याचे बूट दिसत होते.

मंगळवारी मी पडदे धुतले, कपाटं रिकामी केली, चुलीमागचं अठरा वर्षांचं तेल खरवडलं. ओस्वाल्दो बॉनेटमध्ये डोकं घालून बसला. डोळे मिटूनही तो ते इंजिन उघडून जोडेल, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. करीनानं तिच्या घरून फोनवर जाहिरात टाकली. तासाभरात चाळीस जणांनी विचारलं, "अजून आहे का?" आहे म्हटलं की माणूस गायब. एकानं बदल्यात दोन गाई आणि एक मोटरसायकल देऊ केली. दुसरा म्हणाला, घोडा देतो, पण घोडा लंगडतो. ओस्वाल्दोनं फोन माझ्या हातातून घेतला आणि त्या घोडेवाल्याला असं काही सुनावलं की करीनाला ती जाहिरातच काढून टाकावी लागली.

"छान केलंस," मी म्हणाले. "आता घोडाही गेला आणि जाहिरातही."

"लंगडा घोडा घेऊन गोर्दा द्यायची? लाज नाही वाटत लोकांना!"

फाटकाबाहेर कुणी थांबेना. तीन गाड्या हळू झाल्या, आतल्या लोकांनी मान वर करून छपराकडे पाहिलं, हसले आणि पुढे गेले. बुधवारी सकाळीही तेच. एक जण तर खिडकीतून अंगठा दाखवून गेला. ओस्वाल्दो फाटकाला टेकून उभा, दर पाच मिनिटांनी घड्याळ कानाशी नेऊन टिकटिक ऐकायचा. मी आत-बाहेर, आत-बाहेर. बटाटे शिजायला टाकले ते विसरले, पातेलं करपलं. तिसरा दिवस अर्धा संपला होता.

तेवढ्यात समोरची आयदे कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आली. आयदे म्हणजे साऱ्या गल्लीची खबर ठेवणारी बाई. पिशवी खाली ठेवून कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मिर्ता, एक विचारू? राग मानू नकोस. तुमची ती जाडी विकायचीय की नाही?"

"कॅन दिसत नाही का तुला?"

"कॅन दिसतो गं. पण कॅनच्या शेजारी त्या पिंपावर हातभर अक्षरांत लिहिलंय, 'विकायची नाही, पाणी आहे'. अख्खी गल्ली हसतेय. माझा जावई म्हणाला, ही म्हातारा-म्हातारी आपापसात भांडून दोघं दोन पाट्या लावतायत वाटतं."

मी रस्ता ओलांडून तिच्या फाटकाशी गेले आणि वळून पाहिलं.

होतंच लिहिलेलं. काळ्यावर पांढरं. आठ वर्षांपूर्वी ओस्वाल्दोनंच रंगवलेलं. आम्ही जिथे पेट्रोल भरायला थांबायचो तिथे कुणीतरी त्या पिंपाकडे बघून विचारायचं, "उस्ताद, केवढ्याला देणार?" आणि याच्या डोक्यात तिडीक जायची. एकदा एका दिवसात चौघांनी विचारलं, तेव्हा तिथल्या तिथे रंगाचा डबा विकत घेऊन यानं ती अक्षरं काढली. मग इतकी वर्षं ती तिथेच होती. रोज बघून बघून मला दिसेनाशी झाली होती, हे मी मान्य करते. पण मी सोमवारी खाली होते. तो वर होता. दहा मिनिटं, पिंपाला नाक लावून. आणि म्हणाला, एक डाग नाही.

"मिर्ता? बरं वाटत नाही का?" आयदे म्हणाली.

"बरंय," मी म्हणाले. "ऊन लागलं." आमच्याकडे मे म्हणजे हिवाळ्याचं तोंड, ऊन कोवळं होतं आणि मी स्वेटर घातला होता.

ओस्वाल्दोला मी पाव आणायला पाठवलं. तो कोपऱ्यावर वळला तशी शिडी लावली. एकोणसत्तराव्या वर्षी मी त्या शिडीवर कशी चढले ते मला विचारू नका. बरोबर लोखंडी फाटकाचा उरलेला काळा रंग घेतला होता. अक्षरं जवळून आणखीनच मोठी दिसत होती. त्यानं ती नीट, ओळ धरून काढली होती, प्रत्येक अक्षराचे पाय सारखे. मी ती एकेक करून रंगाखाली बुजवली, आणि रंगवताना रडले. राग त्याचाही आला आणि माझाही. वर्षभर मी त्याच्या शेजारी बसून "ट्रक, ट्रक" करत होते, आणि मागच्या उन्हाळ्यात याच गाडीत आमच्या मागे करीनाची दोन मुलं झोपलेली होती.

खाली उतरल्यावर गोर्दात शिरले आणि कपड्यांच्या कपाटाचं दार उघडलं. त्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं नावं आणि नंबर लिहिलेत, बावीस-तेवीस. हे मात्र माझं गुपित. विचारणाऱ्याला ओस्वाल्दो हाकलून द्यायचा, आणि मी मागच्या दारातून हळूच त्याचा नंबर घ्यायची. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. ज्या दिवशी त्याच्यावर फार चिडायची त्या दिवशी ते नंबर वाचून मला बरं वाटायचं, एवढं खरं.

सहा नंबर लागलेच नाहीत. तिघांना आता नको होती. दहावा एवारिस्तो. हा तांदील गावाजवळ राहतो, घरी चीज आणि सॉसेज करून जत्रांतून विकतो.

"आठवतंय की!" तो फोनवर हसला. "पेट्रोल पंपावर मी किंमत विचारली तर उस्ताद म्हणाले, आधी स्वतःच्या बायकोची किंमत सांग. सेन्योरा, मी उद्या सकाळी सातला तुमच्या दारात आहे."

पाव घेऊन ओस्वाल्दो आला, तेव्हा मी हात घासलेटनं धूत होते.

"गिऱ्हाईक मिळालं," मी म्हणाले. "उद्या येतोय."

"कॅन बघून?"

"हो, कॅन बघून."

गुरुवार कसा गेला ते मला आजही सलग आठवत नाही. एवारिस्तो सातला आला. पंचेचाळिशीचा, हातभर दाढी, बरोबर त्याचा भाऊ आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं सॉसेज. त्यानं गोर्दाभोवती दोन चकरा मारल्या, टायरांना लाथा घातल्या, पलंगावर आडवा होऊन बघितलं, आणि किमतीवर दोघांनी वीस मिनिटं आवाज चढवून शेवटी हात मिळवले. लगेच पोलिसांच्या तपासणी केंद्रावर पळालो, कारण गाडी विकायची तर इंजिनाचा आणि सांगाड्याचा नंबर त्यांनी बघून शिक्का मारल्याशिवाय पुढचं काही होत नाही. आठ गल्ल्यांचं अंतर. ओस्वाल्दो चालवत होता, मी शेजारी बडबडत होते, एवारिस्तो त्याच्या पिकअपमधून मागे.

सांगाड्यावरचा नंबर पोलिसाला सापडेना. गंज चढलेला. तो वाकून वाकून थकला, टॉर्च मारली, शेवटी म्हणाला, "उस्ताद, नंबर नसेल तर मी शिक्का कशावर मारू?"

ओस्वाल्दो जमिनीवर आडवा झाला, हात आत घातला आणि न बघता बोट टेकवलं. "इथे. इथे ब्रश मार." पोलिसानं तारेचा ब्रश मारला, तर खाली नंबर. "शाबास," पोलीस म्हणाला, "काय नजर आहे या वयात!" एवारिस्तोनंही टाळी वाजवली. मी दुसरीकडे बघितलं.

मग नोंदणी कचेरी. ती साडेबाराला बंद होते आणि आम्ही बाराला दहा कमी असताना रांगेत. खिडकीमागच्या कारकुनानं कागद फिरवून ओस्वाल्दोपुढे ठेवला. सहीची चौकट तर्जनीएवढी. ओस्वाल्दोनं पेन धरलं आणि थांबला. मी सहज केल्यासारखं माझं बोट चौकटीच्या कडेला टेकवलं. त्यानं माझ्या बोटाला पेन लावून सही केली. चौकटीत बसली, थोडी खाली झुकली.

"आता सेन्योरांची संमती," कारकून म्हणाला. "बायकोनं सही केली नाही तर नवऱ्याला गाडीचा आरसासुद्धा विकता येत नाही. कायदाच आहे तसा. विचार करा, सेन्योरा, हीच वेळ आहे काहीतरी मागून घ्यायची." मागच्या रांगेत हशा पिकला.

मागायचं होतं मला. जिभेवर आलं होतं, उद्या स्टिअरिंगवर मी बसणार, तरच सही. माझ्याकडे परवाना आहे, पुढच्या मार्चपर्यंतचा. आमची छोटी गाडी होती तोवर तीस वर्षं मीच चालवली. पण गोर्दाला यानं मला कधी हात लावू दिला नाही. मी त्याच्याकडे पाहिलं. टोपी हातात धरून उभा होता, आणि एवारिस्तो शेजारी. दहा अनोळखी माणसांसमोर मला ते बोलवेना. मी सही केली.

बाहेर आल्यावर एवारिस्तो म्हणाला, "उस्ताद, माझा भाऊ आलाय बरोबर. पिकअप तो नेईल, मी आत्ताच गोर्दा घेऊन निघतो. तुम्हाला कशाला नव्वद किलोमीटरचा त्रास?"

मी मनातल्या मनात हात जोडले.

"नाही," ओस्वाल्दो म्हणाला. "उद्या सकाळी तुझ्या दारात. मी घेऊन येणार."

"अहो पण..."

"मी म्हटलं ना, मी घेऊन येणार. तू किटली चढवून ठेव."

शुक्रवारी साडेसातला निघालो. मी त्याची वाढदिवसाची पापी घेतली, तर म्हणाला, "केक तिकडून परत आल्यावर. बसनं येऊ." नवा शर्ट घातला होता. परवाना शर्टाच्या खिशात. किल्ली फिरवण्याआधी माझ्याकडे न बघता म्हणाला, "मिर्ता, आज बडबड नको. शेवटची फेरी आहे. मला गोर्दाचा आवाज ऐकू दे. तू फक्त येर्बा भर."

"बरं," मी म्हणाले. काय म्हणणार होते?

गाव संपेपर्यंत गप्प राहिले. हायवेला लागलो, सूर्य डावीकडून तिरपा आत येत होता. दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं, रस्ता सरळसोट. मी पेला भरून पुढे केला तर त्याचा हात पेल्याच्या बाजूनं हवेत गेला. मी पेला त्याच्या बोटांत ठेवला. गाडी मधल्या पिवळ्या पट्ट्याकडे सरकत होती, मग परत येत होती. गुरांचा ट्रक समोरून गेला, आम्हाला चाटून, त्याचा भोंगा लांबपर्यंत वाजत राहिला. दातांखाली मी ओठ दाबून धरला होता. तो गुणगुणत होता, खूश होता. मला वाटलं, नव्वदच तर किलोमीटर आहेत. मला वाटलं, देवा, नव्वद किलोमीटर आहेत.

तिसाव्या किलोमीटरला पुढे ट्रॅक्टर होता. मागे नांगर जोडलेला, माणूस चालेल त्या वेगानं जाणारा. मी तो लांबूनच पाहिला. वाट बघितली, आता वेग कमी करेल. करेना. अजून करेना. नांगराची पाती मोजता येतील इतके जवळ आलो.

"ट्रॅक्टर!" मी किंचाळले. "ओस्वाल्दो, ट्रॅक्टर!"

त्यानं ब्रेकवर उभा पाय दिला. मागची सगळी कपाटं एकदम उघडली, थर्मास माझ्या मांडीवरून उडून काचेवर आपटला, गोर्दा तिरपी होत कडेच्या गवतात उतरली आणि बंद पडली. ट्रॅक्टरवाल्यानं मागे वळूनही पाहिलं नाही. गरम पाणी माझ्या पायांवर सांडलं होतं.

मी काचेखालून थर्मासचं झाकण उचललं. त्याचे हात स्टिअरिंगवरच होते.

"पिंपावर काय लिहिलंय?" मी विचारलं.

"कुठल्या पिंपावर?"

"छपरावरच्या. सोमवारी पुसलंस ना दहा मिनिटं. काय लिहिलं होतं त्यावर?"

तो विचारात पडला. मग त्याला आठवलं. बघतानाच मला कळलं की आता त्याला आठवलं. "विकायची नाही," तो हळूच म्हणाला. "मीच लिहिलं होतं."

"होतंच ते तिथे. काल-परवापर्यंत. बुधवारी मी वर चढून काळ्या रंगानं पुसलं. सोमवारी तू एका हातावरून बघत होतास, ओस्वाल्दो. एक डाग नाही म्हणालास."

त्यानं खिशातून तो कागद काढला. परवान्याबरोबरच ठेवला होता. माझ्या हातात दिला. डोळ्याच्या पडद्याचा आजार, दोन्ही डोळे, मधला भाग.

"बाजूचं दिसतं," तो म्हणाला. "शेतं दिसतात, कुंपण दिसतं, तू दिसतेस थोडीशी, मी दुसरीकडे बघितलं की. समोरचंच दिसत नाही. समोर राखेसारखं काहीतरी असतं."

"कधीपासून?"

"मागच्या हिवाळ्यापासून. तू बोलायचीस ना सगळं. मला वाटलं, चालतंय."

मी रागावले. इतकी रागावले की थर्मासचं झाकण त्याच्या अंगावर फेकलं. "मुलं होती रे मागे! करीनाची मुलं! आणि समोर दुसऱ्या कुणाची असती तर?" तो झाकण मांडीवर धरून बसून राहिला. मग किल्ली काढली आणि माझ्यापुढे धरली. त्याची मान खाली होती.

आम्ही जागा बदलल्या. त्याच्या सीटला अठरा वर्षांचा खड्डा पडलाय, मी त्यात बुडाले, पाय पोचेनात. पाठीमागे उशी घातली. दोनदा गाडी बंद पाडली.

"क्लच अर्ध्यात सोड," तो म्हणाला. "दुसरा टाकताना थोडा उजवीकडे रेट. आवाज ऐक. ती सांगते कधी बदलायचा ते. आता... आता बदल."

मी बदलला. गोर्दा कुरकुर न करता निघाली. पुढचे साठ किलोमीटर मी रस्ता बघितला आणि त्यानं इंजिन ऐकलं. मधे एकदा मी म्हणाले, "चांगली चालते ही." तर म्हणाला, "मग? मी बांधलीय." डोळे पुसत होता, पण ते मी पाहिलं नाही असं धरून चालले.

तांदीलच्या आधी, टेकड्या दिसायला लागल्या की डावीकडे एवारिस्तोची वाडी. फाटक सताड उघडं, बाजूला पांढरा रंगवलेला टायर. फाटकापासून घरापर्यंत निलगिरीच्या दोन रांगांमधून मातीची वाट, तीनशे पावलं असेल. वाटेवर कुणी नव्हतं. मी आत शिरले, फाटक मागे टाकलं आणि गाडी थांबवली.

"पोचलो?"

"अजून नाही. परवाना आहे ना खिशात?"

"आहे. आजचा दिवस."

"मग उतर आणि इकडे ये. ही त्याची खासगी वाट आहे. दारापर्यंत चालवत नेणार होतास ना? दार ते तिथे आहे."

तो जागचा हलेना. "नको गं, मिर्ता."

"उतर म्हणतेय ना. पहिल्या गिअरमध्ये. माझा हात हँडब्रेकवर आहे."

मी शेजारी सरकले, गाडीला हात लावत लावत तो पुढून फिरून आला. आपल्या खड्ड्यात बसला, शर्ट सारखा केला, पहिला गिअर टाकला. गोर्दा चालायला लागली, माणसाच्या चालीनं. मी हँडब्रेक घट्ट धरला आणि तोंड मिटून घेतलं. निदान ही तीनशे पावलं तरी त्याला शांततेत मिळावीत, असं मला वाटलं. वीस पावलं गेलो, तीस गेलो.

त्यानं ब्रेक दाबला.

"काय झालं?" मी विचारलं.

"गप्प का आहेस?"

"तूच म्हणालास ना सकाळी, बडबड नको."

"ते सकाळी म्हणालो." त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि मान किंचित माझ्या बाजूला वळलेली, मी कडेनं दिसावी म्हणून. "बोल ना, म्हातारे. समोर काय आहे?"

"सरळ आहे," मी म्हणाले. "चल. दोन्हीकडे झाडं, अंतर सोडून. किंचित उजवीकडे घे. हां. पुढे कोंबड्या आहेत, त्या हलतील. हलल्या. घर पांढरं आहे, दार निळं. एवारिस्तो दारात आलाय, हातात किटली आहे. हात हलवतोय."

"कुठून?"

"बरोबर तुझ्या समोर."

ओस्वाल्दोनं खिडकीतून हात बाहेर काढला, मान ताठ केली, आणि जिथे त्याला काहीच दिसत नव्हतं तिकडे बघून हात हलवला. मग दोनदा भोंगा वाजवला.